निवृत्तीची पुंजी आणि पदव्युत्तर शिक्षणाचे अर्थसाहाय्य : अमेरिकेतील गरज-मापनाची समीक्षा

उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य देताना अर्जदाराची 'गरज' कशी मोजावी, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात तो मूल्यनिर्णयाचा असतो. कोणते उत्पन्न मोजावयाचे, कोणती मालमत्ता सोडून द्यावयाची, हे ठरविताना समाज कोणत्या बचतीला मान देतो आणि कोणत्या बचतीला चैन मानतो, हे नकळत ठरत जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय अर्थसाहाय्याच्या नियमांत निवृत्तीसाठी केलेल्या बचतीला जी वागणूक मिळते, ती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरता या वागणुकीचा विचार केला आहे. पदवीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न आईवडिलांच्या पुंजीचा असतो, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या बाबतीत तो त्याच्या स्वतःच्या म्हातारपणाचा होतो.

याचे कारण असे की, संघीय नियमांनुसार पदव्युत्तर वा व्यावसायिक पदवीसाठी प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी 'स्वतंत्र' मानला जातो. 'फाफ्सा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय अर्जात त्याचे आणि विवाहित असल्यास त्याच्या जोडीदाराचे उत्पन्न व मालमत्ता विचारली जाते, आईवडिलांची नाही. बावीस वर्षांच्या नवपदवीधराला याने फारसा फरक पडत नाही, कारण त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही नसतेच. दहा-पंधरा वर्षे नोकरी करून पुन्हा शिक्षणाकडे वळणाऱ्या शिक्षिकेला, परिचारिकेला, अभियंत्याला मात्र हा नियम थेट भिडतो. (विज्ञानशाखेतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना बहुधा अध्यापन वा संशोधन-साहाय्यकाची वृत्ती मिळते. ती गुणवत्तेवर असल्याने हा सारा खटाटोप त्यांना लागू पडत नाही.) महाराष्ट्रातून विद्यार्थी-व्हिसावर जाणारे विद्यार्थीही या संघीय साहाय्याला पात्र नसतात. तेथे कायम वास्तव्याचा परवाना वा नागरिकत्व मिळवून स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील नोकरदारांना मात्र हे नियम जसेच्या तसे लागू होतात.

नियम थोडक्यात असा आहे. नोकरीच्या ठिकाणची ४०१-के योजना, आयआरए म्हणून ओळखले जाणारे वैयक्तिक निवृत्ती खाते, निवृत्तिवेतनाचा हक्क यांपैकी कशाचेही मूल्य अर्जातील मालमत्तेत धरले जात नाही. बचत खाते, समभाग, म्युच्युअल फंड, राहत्या घराव्यतिरिक्तची स्थावर मालमत्ता हे सारे धरले जाते. म्हणजे पुंजी निवृत्तीच्या खात्यात निजलेली असेल तोवर ती अदृश्य राहते. ती हलली, की दिसू लागते.

या अदृश्यतेचे तात्त्विक समर्थन दुबळे नाही. निवृत्तीच्या खात्यातील पैसा सामान्यतः वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी काढल्यास प्राप्तिकराखेरीज १० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो, त्यामुळे तो शिक्षणासाठी 'उपलब्ध' आहे असे म्हणणे सयुक्तिक नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सरकारी शाळेतील ज्या शिक्षकाला ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी आहे, त्याच्या नावावर शिल्लक अशी काही दिसत नाही. पण खासगी नोकरदाराची तीच तरतूद ४०१-के खात्यातील आकड्याच्या रूपाने दिसते. आकडा दिसतो म्हणून तो मोजला, तर एकाच हेतूसाठी केलेल्या दोन तरतुदींना दोन न्याय लावल्यासारखे होईल. तेव्हा सूट असावी, हे मान्यच करावे लागते. प्रश्न आहे तो या सुटीची सीमारेषा कोठे आखली गेली आणि कालांतराने ती कोणाच्या बाजूने सरकली, याचा.

येथे थोडे इतिहासात जावे लागते. गरज मोजण्याची पद्धतशीर प्रथा अमेरिकेत १९५४ मध्ये सुरू झाली. नामांकित महाविद्यालये एकाच हुशार विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्तीची चढाओढ करू लागल्यामुळे, कोणाला किती द्यावे याचे समान माप हवे, या भूमिकेतून 'कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस' स्थापन झाली. हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी आखलेली पद्धत तिच्या मुळाशी होती. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने संघीय साहाय्याचा पाया घातला आणि १९९२ च्या दुरुस्तीने सर्वांना एकच संघीय सूत्र लागू केले. त्याच दुरुस्तीने राहत्या घराचे मूल्य मोजणीतून वगळले. मध्यमवर्गाची मुख्य मालमत्ता म्हणजे घर, हे लक्षात घेता या निर्णयामागील राजकारण सहज उमगते.

या सूत्रात वार्धक्याच्या रक्षणासाठी एक नव्हे, दोन योजना होत्या. पहिली वर सांगितलेली, म्हणजे निवृत्ती खात्यांची सूट. दुसरी योजना मालमत्ता-संरक्षण वजावटीची होती. ही वजावट वयानुसार वाढत जाई. पंचविशीपर्यंत ती शून्य होती आणि पुढे प्रत्येक वर्षागणिक तीत भर पडे. तिचा हिशेबही विचारपूर्वक बांधलेला होता. मध्यम कुटुंबाला लागणारे उत्पन्न आणि सामाजिक सुरक्षेखाली मिळणारे सरासरी निवृत्तिवेतन यांतील तफावत पासष्टाव्या वर्षापासून भरून काढील अशी वार्षिकी आज विकत घ्यावयाची झाल्यास किती रक्कम लागेल, तितकी रक्कम अर्जदाराच्या मोजण्यायोग्य मालमत्तेतून वगळावी, असा तो हिशेब होता. ज्यांच्यापाशी निवृत्तीचे खाते नाही, ज्यांनी म्हातारपणासाठी साध्या बँकेत पैसे साठविले, त्यांच्यासाठी ही वजावट म्हणजे खात्याचीच जागा घेणारी तरतूद होती. २००० च्या दशकात मध्यमवयीन विवाहित अर्जदाराला तिच्यामुळे काही दशसहस्र डॉलरांची सूट मिळत असे.

ही वजावट कोणी रद्द केली नाही. ती गणिताने संपविली. सामाजिक सुरक्षेचे सरासरी वेतन दरवर्षी महागाईबरोबर वाढत गेले, 'मध्यम कुटुंबाचे उत्पन्न' म्हणून घेतलेला आकडा मात्र त्या गतीने वाढला नाही. दोहोंतील तफावत वर्षागणिक आटत गेली, आणि तिच्यावर बेतलेली वजावटही आटली. २०२४-२५ च्या तक्त्यात प्रत्येक वयापुढे शून्य छापलेले आढळते. पन्नाशीच्या माणसापुढेही शून्य, साठीच्या माणसापुढेही शून्य. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही, वृत्तपत्रांत गवगवा नाही. एखादे सामाजिक आश्वासन कायद्याच्या पुस्तकात अक्षरशः शाबूत असूनही व्यवहारात नाहीसे कसे होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

दोनपैकी एक योजना अशी लोपली आणि दुसरी तशीच राहिली. परिणाम काय होतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. अडतीस वर्षांच्या, अविवाहित, अवलंबित नसलेल्या दोन व्यक्ती समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करतात. दोघींचे उत्पन्न सारखे आहे आणि ते ६० हजार डॉलरांहून अधिक असल्याने मालमत्तेची माहिती देण्यापासून कमी उत्पन्नाच्या अर्जदारांना मिळणारी मुभा त्यांना नाही. दोघींची साठवण ६० हजार डॉलर आहे. पहिलीची ४०१-के खात्यात, दुसरीची बँकेत. पहिलीच्या पुंजीचा हिशेबात मुळीच उल्लेख होत नाही. दुसरीच्या पुंजीचे २० टक्के, म्हणजे १२ हजार डॉलर, तिच्या 'विद्यार्थी साहाय्य निर्देशांका'त जमा होतात. २०२४-२५ पासून 'अपेक्षित कौटुंबिक वाटा' या जुन्या संज्ञेची जागा या निर्देशांकाने घेतली आहे. निर्देशांक जितका मोठा, तितकी गरज कमी. दुसरीने कदाचित लहान दुकानात नोकरी केली असेल, जेथे निवृत्तीची योजनाच नव्हती. लक्षावधी अमेरिकन कामगारांची स्थिती अशीच आहे. तिचा दोष एवढाच की तिची काटकसर चुकीच्या पेटीत ठेवलेली आहे.

याउलट भरपूर पगार असणारा अर्जदार आधीच्या काही वर्षांत आपली बचत हलवू शकतो. २०२५ साली ४०१-के योजनेत स्वतःच्या वेतनातून २३,५०० डॉलरपर्यंत आणि आयआरएमध्ये ७,००० डॉलरपर्यंत भरण्याची मुभा होती. पगारातून ४०१-के मध्ये केलेल्या करपूर्व भरण्याने करपात्र उत्पन्न घटते आणि बँकेतील शिल्लकही कमी दिसते. एकाच कृतीने दोन्ही रकाने हलके होतात. व्यावसायिक सल्लागार हा उपाय उघडपणे सुचवितात, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. पण गरज मोजणारे माप सल्ला विकत घेऊ शकणाऱ्याला अधिक गरजू ठरवीत असेल, तर त्या मापाविषयी शंका उपस्थित होणे क्रमप्राप्त आहे.

या भरण्याबाबतच्या नियमाचीही एक कथा आहे. २०२३-२४ पर्यंत वर्षभरात ४०१-के मध्ये केलेला करपूर्व भरणा 'करमुक्त उत्पन्न' म्हणून पुन्हा उत्पन्नात मिळविला जाई. साठलेली पुंजी अदृश्य असली तरी त्या वर्षी तीत टाकलेली रक्कम दृश्य असे. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या आणि २०२४-२५ पासून अमलात आलेल्या सुलभीकरण कायद्याने ही मिळवणी काढून टाकली. अर्ज लहान करणे हा हेतू होता. परंतु ही मिळवणी केवळ पगारदाराच्या योजनेपुरतीच निघाली. वजावट घेऊन आयआरएमध्ये भरलेली रक्कम, तसेच स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या निवृत्ती योजनांत भरलेली रक्कम करविवरणपत्रावर स्वतंत्र ओळीत दिसते, म्हणून ती आजही उत्पन्नात मिळविली जाते. म्हणजे मोठ्या कंपनीतील नोकरदार आणि स्वतःचा छोटा व्यवसाय करणारा भाषांतरकार किंवा सुतार यांनी सारखीच रक्कम निवृत्तीसाठी बाजूला टाकली, तरी नोकरदाराचे उत्पन्न कमी दिसते, सुताराचे दिसत नाही. या भेदाला कोणतेही तत्त्व नाही. कोणती माहिती करखात्याकडून आपोआप मिळते एवढ्यावरच तो उभा आहे. सुलभीकरणाच्या नावाखाली न्यायाचा प्रश्न छपाईच्या सोयीने सुटला, असेच म्हणावे लागेल.

आता पुंजी हलविण्याचा विचार. नियमांचे खरे कठोर रूप येथे दिसते. पारंपरिक आयआरएमधून ३० हजार डॉलर काढून शिकवणी शुल्क भरले, तर उच्च शिक्षणाच्या खर्चासाठी १९९७ च्या करकायद्याने दिलेल्या सवलतीमुळे १० टक्के अतिरिक्त कर लागत नाही. प्राप्तिकर मात्र लागतो. शिवाय ती सारी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात मोजली जाते, आणि कर व अन्य वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाचा निम्मा भाग निर्देशांकात जातो. बँकेत असलेल्या पैशावर २० टक्के, आणि स्वतःच्याच म्हातारपणातून उसनवारी केलेल्या पैशावर जवळपास ५० टक्के! 'रॉथ' प्रकारच्या खात्यात कर आधीच भरलेला असतो. पण त्यातून काढलेली करमुक्त रक्कमही उत्पन्न म्हणूनच मोजली जाते. वस्तुतः ही मालमत्ता आहे, उत्पन्न नव्हे. सूत्राने ती मालमत्ता असताना पाहिली नाही आणि मालमत्ता राहिली नाही तेव्हा उत्पन्न म्हणून पाहिली.

४०१-के योजनेला तर १९९७ ची सवलतही नाही. शिक्षणासाठी अडचणीच्या कारणाने पैसे काढता आले, तरी अतिरिक्त कर सामान्यतः चुकत नाही. त्याऐवजी खात्यातून कर्ज घेण्याची सोय अनेक योजनांत असते. मर्यादा निहित शिलकीच्या निम्म्याइतकी किंवा ५० हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल ती. कर्ज हे उत्पन्न नसल्याने ते अर्जात दिसत नाही. पण पूर्णवेळ शिकावयाचे तर नोकरी सोडावी लागते, आणि नोकरी सोडली की हे कर्ज बहुधा देय होते. त्या वर्षाच्या करविवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते न फेडल्यास शिल्लक रक्कम 'काढलेली' समजून तिच्यावर कर बसतो आणि ती उत्पन्नातही येते. शिकण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यालाच हा फटका बसावा, हे विशेष.

उत्पन्न कोणत्या वर्षाचे, यालाही येथे महत्त्व आहे. २०१७-१८ पासून अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न घेतले जाते. २०२६-२७ च्या अर्जात २०२४ चे उत्पन्न येते. त्यामुळे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षी काढलेली रक्कम शिक्षण संपल्यावरच्या अर्जात उमटेल, म्हणजे कोठेच उमटणार नाही. तीच रक्कम प्रवेशाच्या आधीच्या दोन वर्षांत काढली, तर साहाय्य घटेल. गरज तीच आणि रक्कमही तीच, फरक केवळ तारखेचा. अर्थसाहाय्य अधिकाऱ्याला एकवेळचे उत्पन्न स्वविवेकाने वगळण्याचा अधिकार आहे. तो वापरला जाण्यासाठी विद्यार्थ्याने तशी विनंती करावी लागते, कागदपत्रे द्यावी लागतात आणि मुळात असा अधिकार असतो हे ठाऊक असावे लागते.

येथवरची चिकित्सा एका गृहीतावर उभी आहे. मोजलेल्या गरजेनुसार काहीतरी वाटले जाते, हे ते गृहीत. पदव्युत्तर स्तरावर हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. पेल अनुदान सर्वसाधारणपणे पदवीच्या विद्यार्थ्यांपुरते आहे. पूरक शैक्षणिक संधी अनुदानही तसेच. पर्किन्स कर्ज योजना गरजेवर आधारलेली होती आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही मिळत असे, परंतु सप्टेंबर २०१७ अखेर ती संपली. शिकत असताना सरकार व्याज भरीत असे ते सवलतीचे कर्ज २०११ च्या अंदाजपत्रक नियंत्रण कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी बंद केले. १ जुलै २०१२ पासून त्यांना पहिल्या दिवसापासून व्याज चढणारेच कर्ज मिळते, आणि २०१३ च्या कायद्यानुसार त्याचा व्याजदरही पदवीच्या कर्जाहून अधिक असतो. हे कर्ज गरजेवर अवलंबून नाही. कोट्यधीशालाही ते मिळू शकते. राहता राहिली कमवा-शिकाच्या धर्तीवरची संघीय योजना, जिचा निधी मर्यादित आहे.

तात्पर्य, एवढ्या बारकाईने गरज मोजून संघराज्य पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्या गरजेपोटी जवळजवळ काहीच देत नाही. निवृत्तीची पुंजी सुरक्षित ठेवणारी सूट अशा ठिकाणी उभी आहे, जेथे रक्षण करण्याजोगे साहाय्यच उरलेले नाही. गरजेवर आधारित जे काही मिळते ते मुख्यतः विद्यापीठांच्या स्वतःच्या निधीतून मिळते, विशेषतः विधी व वैद्यक शाखांत. आणि तेथे संघीय व्याख्या बंधनकारक नाहीत. 'सीएसएस प्रोफाइल'सारख्या अर्जांत निवृत्ती खात्यांतील शिल्लक विचारली जाते. ती शिल्लक सूत्रात धरली जातेच असे नाही, पण अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती असते. अनेक वैद्यकीय व विधी विद्यालये तर अर्जदार संघीय नियमाने स्वतंत्र असतानाही त्याच्या आईवडिलांची माहिती मागतात. तेव्हा 'निवृत्तीची बचत साहाय्यावर परिणाम करीत नाही' हे सरसकट विधान पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या बाबतीत दिशाभूल करणारे ठरते. जेथे ते सत्य आहे तेथे त्याचा उपयोग थोडा, आणि जेथे उपयोग होईल तेथे ते खात्रीने सत्य नाही.

कायद्याने निवृत्ती आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचे प्रयत्न केलेच नाहीत, असे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती करपात्र असूनही ती 'मोबदला' नाही, या तर्काने अनेकांना आयआरएमध्ये भरणा करता येत नसे. २०१९ च्या सिक्युअर कायद्याने २०२० पासून ही आडकाठी दूर केली. २०२२ च्या दुसऱ्या सिक्युअर कायद्याने, कर्मचारी शैक्षणिक कर्जाचा जो हप्ता फेडतो त्यावर मालकाने त्याच्या निवृत्ती खात्यात जुळता भरणा करण्याची मुभा २०२४ पासून दिली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दुसऱ्या पावलाचा अर्थ नीट पाहिला तर त्यात एक कबुली दडलेली दिसते. शिक्षणाचे कर्ज फेडता फेडता माणूस निवृत्तीसाठी काही साठवू शकत नाही, ही ती कबुली.

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या जुलैमध्ये संमत झालेल्या अर्थसंकल्पीय कायद्याकडे पाहावे लागते. शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी 'ग्रॅड प्लस' योजना २००६ पासून सुरू होती. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती बंद करण्याचे या कायद्याने ठरविले. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी वर्षाला २०,५०० व एकूण १ लाख डॉलर, आणि वैद्यक, विधी यांसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलर अशा मर्यादा घालण्यात आल्या. अमर्याद कर्जामुळे शुल्कवाढीला प्रोत्साहन मिळते, हा या बदलामागील युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तथापि शुल्क कमी होईपर्यंतची तूट कोण भरणार, याचे उत्तर कायद्यात नाही. खासगी कर्जासाठी पत वा जामीनदार लागतो. ज्याच्यापाशी तो नाही, पण पंधरा वर्षांच्या नोकरीत साठलेले ४०१-के खाते आहे, त्याचा हात कोठे जाईल हे सांगावयास नको. त्याच कायद्याने कुटुंबाची शेती आणि शंभर वा त्याहून कमी कर्मचाऱ्यांचा कौटुंबिक व्यवसाय पुन्हा मालमत्तेच्या मोजणीतून वगळला. शून्यावर आलेली वयानुसारची वजावट मात्र तशीच राहिली. शेतीला आणि धंद्याला प्रतिनिधी लाभले. बँकेत पैसे ठेवणाऱ्या अडतीस वर्षांच्या नोकरदार स्त्रीला ते लाभले नाहीत.

आपल्याकडील व्यवस्थेशी याची तुलना पूर्णांशाने होऊ शकत नाही, कारण येथील बहुतेक शिष्यवृत्त्या वार्षिक उत्पन्नाच्या दाखल्यावर दिल्या जातात आणि मालमत्तेचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ मध्ये लागू झालेल्या आरक्षणाच्या निकषांत मात्र मालमत्तेची कसोटी आहे. आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर पाच एकर शेतजमीन, हजार चौरस फुटांची सदनिका आणि ठरावीक क्षेत्रफळाचा भूखंड यांचा तेथे उल्लेख आहे. भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी, समभाग यांचा नाही. अमेरिकेत शेती अदृश्य आणि बँकेतील ठेव दृश्य, तर येथे शेती दृश्य आणि ठेव अदृश्य. कोरडवाहू सहा एकरांचा मालक आणि भविष्य निर्वाह निधीत चाळीस लाख असलेला नोकरदार यांच्यात अधिक गरजू कोण, हे विचारण्यासाठी त्या निकषांत रकानाच नाही.